बाळाला ‘काचेत’ ठेवायची वेळ आली तर: सुलतानपूर परिसरातल्या कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

‘बाळाला काचेत ठेवावं लागेल, लगेच बुलढाण्याला न्या.’ सुलतानपूर, लोणार, मेहकर भागातल्या अनेक घरांनी बाळंतपणानंतर हे वाक्य ऐकलेलं आहे. ते कानावर पडलं की घरात एकच धावपळ होते. गाडी कुणाची, पैसे किती, सोबत कोण जाणार, बाळंतीणीला न्यायचं की घरी ठेवायचं? निर्णय घ्यायला वेळ कमी असतो आणि माहिती त्याहून कमी. म्हणून नवजात बाळांच्या अतिदक्षतेची सोय कशी असते, आपल्या भागातून ती कुठे मिळते, खर्चाचं काय आणि कुटुंबाने काय करायचं, हे सगळं आम्ही इथे एकत्र देत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. सुलतानपूरपासून ही सोय दीड-दोन तासांच्या रस्त्यावर आहे. त्यामुळे बेड कुठे मिळेल हा प्रश्न बाळ जन्मल्यावर विचारायचा नसतो. तो सातव्या-आठव्या महिन्यातच सोडवून ठेवावा लागतो.

‘काच’ म्हणजे नेमकं काय?

सरकारी व्यवस्थेत नवजात बाळांच्या उपचाराच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे नवजात शिशू कोपरा. जिथे बाळंतपण होतं त्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा, तो असायला हवा. तिथे ऊब देणारा वॉर्मर, श्वास द्यायची पिशवी आणि मास्क, नाकातोंडातलं पाणी काढायचं साधन असतं. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देणं हे या कोपऱ्याचं मुख्य काम.

दुसरी पायरी म्हणजे नवजात शिशू स्थिरीकरण कक्ष. तो ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर असतो आणि साधारण चार बेडचा असतो. थोडं अशक्त बाळ इथे सांभाळलं जातं. जास्त आजारी बाळाला इथे स्थिर करून पुढे पाठवलं जातं.

तिसरी पायरी म्हणजे विशेष नवजात शिशू काळजी कक्ष. दवाखान्यात सगळे त्याला ‘एसएनसीयू’ म्हणतात. तो जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात असतो आणि नियमाप्रमाणे किमान १२ बेडचा असतो. इथे वॉर्मर, ऑक्सिजन, काविळीसाठी निळा लाईट, सलाईन, इंजेक्शनं, नळीने दूध आणि चोवीस तास डॉक्टर-सिस्टर अशी सोय असते. देशातला पहिला असा कक्ष २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्हा रुग्णालयात सुरू झाला. मागास जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही लहान बाळं वाचवता येतात हे तिथे दिसलं आणि मग देशभर हे कक्ष उभे राहिले.

याच्याही वर एनआयसीयू, म्हणजे नवजात अतिदक्षता विभाग. व्हेंटिलेटरवर ठेवायची गरज असेल किंवा बाळाचं मोठं ऑपरेशन करायचं असेल तर तिथे जावं लागतं. तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या खासगी दवाखान्यात असतो.

अजून एक गैरसमज दूर करायला हवा. ‘काच’ म्हणजे प्रत्येक वेळी बंद पेटी नसते. बहुतेक बाळं उघड्या वॉर्मरवर असतात आणि वरून ऊब येत असते. बाळ उघडं दिसलं म्हणून घाबरू नका. छातीचा श्वास दिसावा यासाठी ते तसं ठेवलेलं असतं.

कोणत्या बाळाला तिथे न्यावंच लागतं?

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर ‘सकाळपर्यंत बघू’ असं म्हणायचं नाही:

- वजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी, किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म
- जन्मल्यावर रडलं नाही, श्वास द्यावा लागला
- श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त, छाती आत ओढली जाते, कण्हल्यासारखा आवाज येतो
- दूध ओढत नाही, किंवा आधी ओढत होतं आणि आता सोडलं
- झटके येतात, बाळ निपचित पडतं
- ओठ आणि जीभ निळी पडते
- पहिल्या २४ तासांत कावीळ दिसते, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत गेला आहे
- अंग थंड पडलंय, किंवा ताप आहे
- पोट फुगलंय, कुठूनही रक्त येतंय

नवजात बाळाच्या आजारात ताप येतोच असं नाही. बऱ्याचदा ‘दूध पीत नाही, सुस्त झालंय’ एवढंच दिसतं. घरातल्या मोठ्या बाईला ‘हे बाळ बरं दिसत नाही’ असं वाटत असेल तर तेही कारण पुरेसं आहे. आशाताईला बोलवा आणि निघा.

सुलतानपूरहून कुठे जायचं?

सुलतानपूर लोणार तालुक्यात, मेहकरहून सिंदखेड राजा आणि जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पहिला आधार अर्थातच जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि लोणार, मेहकरची सरकारी रुग्णालयं. तिथून पुढे तीन दिशा आहेत.

बुलढाणा: मेहकर-चिखलीमार्गे. जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे सरकारी रेफर चिठ्ठी बहुतेक वेळा इथलीच असते.

जालना: सिंदखेड राजामार्गे. जिल्हा दुसरा असला तरी रस्ता सरळ आहे. ‘आमचा जिल्हा वेगळा, आम्हाला घेतील का?’ असा प्रश्न लोक विचारतात. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर उपचार करताना जिल्ह्याची अट नसते.

अकोला आणि छत्रपती संभाजीनगर: व्हेंटिलेटर किंवा ऑपरेशनची गरज असेल तर अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगर (औरंगाबाद) इथली घाटी. अकोल्यात जिल्हा स्त्री रुग्णालयही आहे. आपल्याकडचे लोक त्याला अजून लेडी हार्डिंग म्हणूनच ओळखतात.

यातलं कुठे जायचं हे घरच्यांनी एकट्याने ठरवू नये. रेफर करणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगा: ‘साहेब, आधी फोन करून बेड आहे का ते विचारा, आणि चिठ्ठीवर कुणाशी बोललात ते लिहा.’ हा एक फोन बाळाचे दोन तास वाचवतो. एका दवाखान्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या असं फिरण्यात जेवढी बाळं खालावतात, तेवढं नुकसान मूळ आजारानेही पुष्कळदा होत नाही.

सर्वात सुरक्षित गाडी म्हणजे आईचं पोट

कमी दिवसांचं बाळ जन्मल्यावर दोन तास गाडीत नेणं आणि तेच बाळ पोटात असताना आईला नेणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोटात त्याला ऊब, ऑक्सिजन, साखर सगळं मिळत असतं. म्हणून ज्या बाईच्या बाबतीत धोका आधीच दिसतो आहे, तिचं बाळंतपण एसएनसीयू असलेल्या रुग्णालयातच ठरवावं.

धोका म्हणजे काय? जुळी बाळं, बीपी वाढणं, अंगावर सूज, खूप कमी रक्त, साखरेचा आजार, आधीचं बाळ कमी दिवसांचं होतं किंवा दगावलं होतं, सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी दिसणं, नववा महिना लागण्याआधीच कळा येणं किंवा पाणी जाणं. यातलं काहीही असेल तर ‘पहिलं बाळंतपण माहेरीच’ हा रिवाज जरा बाजूला ठेवावा लागेल. किंवा माहेर असं निवडावं जिथून मोठं रुग्णालय जवळ आहे. सासू, आई आणि नवरा या तिघांनी एकत्र बसून हे ठरवायला हवं, कारण त्या रात्री निर्णय त्यांच्याकडूनच मागितला जातो.

अजून एक गोष्ट विचारून घ्या. २४ ते ३४ आठवड्यांमध्ये कळा सुरू झाल्या तर आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. १२-१२ तासांच्या अंतराने चार डोस असतात. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस खालच्या दवाखान्यातही देता येतो. औषध स्वस्त आहे, पण वेळ गेली की त्याचा उपयोग राहत नाही.

रस्त्यात बाळ कसं न्यायचं?

गाडीसाठी १०८ ही तातडीची रुग्णवाहिका आहे आणि १०२ ही गरोदर माता व बाळांसाठीची. दोन्ही मोफत. फोन करताना ‘नवजात बाळ आहे, ऑक्सिजन लागेल’ हे स्पष्ट सांगा.

रस्त्यात बाळाचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे थंडी. उन्हाळ्यातसुद्धा. ओलं कापड काढा, डोक्यावर टोपी, पायात मोजे घाला. बाळाला फक्त लंगोट ठेवून आईच्या किंवा घरातल्या कुणाच्याही उघड्या छातीशी उभं धरा आणि वरून शाल गुंडाळा. वडील, आजी, मावशी, कुणीही चालेल. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी ही सुरू केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरायला सुरुवात केली तेव्हा २८ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. त्या अभ्यासात भारतातलंही रुग्णालय होतं. गरिबाघरचा तोडगा म्हणून सुरू झालेली गोष्ट आज मोठ्या रुग्णालयांचा उपचार झाली आहे.

बाळ जागं असेल, ओढत असेल तर अंगावर पाजा. ओढत नसेल पण गिळत असेल तर आईचं दूध काढून वाटी-चमच्याने थोडं थोडं द्या. धाप लागली असेल, झटके येत असतील किंवा बाळ निपचित असेल तर तोंडात काहीही घालू नका. दूध नाही, पाणी नाही, घुट्टी नाही.

खर्चाचं काय?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून देशभर लागू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला औषधं, तपासण्या, रक्त, ऑक्सिजन, बेड सगळं मोफत आहे. सुरुवातीला ही सवलत ३० दिवसांच्या बाळापर्यंत होती, नंतर ती एक वर्षापर्यंत वाढली. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि सुट्टी झाल्यावर परत घरी, हा प्रवासही मोफत आहे. ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ असं कुणी सांगितलं तर भांडू नका. चिठ्ठी लिहून मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांना किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटा.

खासगी दवाखान्यात जावंच लागलं तर आधी विचारा: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना इथे लागू आहे का? ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली होती. आता ती केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. नवजात बाळांचे अतिदक्षता उपचार त्यात येतात, पण ते फक्त योजनेतल्या रुग्णालयात. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो. भरती होतानाच त्याला भेटा. बाळाचं नाव रेशन कार्डात नसणारच, त्यामुळे आई-वडिलांचं रेशन कार्ड, आधार आणि दवाखान्याचा जन्माचा कागद त्याच्यासमोर ठेवा. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८.

खासगीत पाच-सहा दिवसांत पैसे संपतात आणि कुटुंब सही करून बाळ घरी आणतं. असं अजिबात करू नका. ‘आम्हाला सरकारी एसएनसीयूला हलवायचं आहे, रेफर चिठ्ठी आणि रुग्णवाहिका द्या’ असं सांगा. दागिने मोडण्याआधी, व्याजाने पैसे घेण्याआधी हा रस्ता आहे हे लक्षात ठेवा. वाचू शकणारं बाळ घरी आणून गमावणं याचं दुःख कर्जापेक्षा मोठं असतं.

आई, दूध, अजान, अकीका

हे प्रश्न आमच्या वाचकांच्या घरात हमखास येतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

आई बाळाजवळच हवी. ‘बाळंतीण आहे, चाळीस दिवस बाहेर नको’ म्हणून आईला गावी आणि बाळाला बुलढाण्याला, असं झालं की दूध आटतं. सिझर झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारून तिला शक्य तितक्या लवकर तिथे न्या. तिच्या राहण्या-जेवणाची सोय काय आहे ते पहिल्याच दिवशी सिस्टरांना विचारा.

बाळ ओढू शकत नसलं तरी आईने दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढायचं. पहिल्या दिवसांचं पिवळसर घट्ट दूध चमचाभरच निघतं, पण त्यातच बाळाची ताकद आहे.

मोठ्या रुग्णालयांत कधी कधी मिल्क बँकेचं दूध देतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये अशी पहिली बँक सुरू झाली. यात अनेक मातांचं दूध एकत्र असतं, त्यामुळे रज़ाअतचा, म्हणजे दुधाच्या नात्याचा प्रश्न येतो. यावर उलेमांची मतं एकसारखी नाहीत. आपल्या आलिमांना विचारा आणि डॉक्टरांनाही तुमची अडचण सांगा. आईचं स्वतःचं दूध वेळेवर पोहोचलं तर बऱ्याचदा हा प्रश्नच उभा राहत नाही.

अजान हात धुऊन, सिस्टरची परवानगी घेऊन हळू आवाजात देता येते. पण बाळाच्या तोंडात शहद किंवा खजूर डॉक्टरांना न विचारता घालू नका. शहद तर निरोगी बाळालाही एक वर्षापर्यंत देऊ नये, त्यातून जंतूंची विषबाधा होऊ शकते. अकीका सातव्या दिवशी जमला नाही तर पुढे करता येतो. बाळ कमी वजनाचं असेल तर डोक्याचे केस काढायची घाई करू नका. एवढ्याशा जिवाची ऊब सर्वात जास्त डोक्यातूनच जाते.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. ती जिथे बाळ जन्मलं त्या गावात किंवा शहरात होते. नाव ठरलं नसेल तरी नोंद करून घ्या, नाव नंतर घालता येतं.

घरी आल्यावर काम संपत नाही

सुट्टीच्या कागदावर पुन्हा दाखवायची तारीख असते. ती चुकवू नका. आशाताईच्या भेटी ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. या घरभेटींची मूळ कल्पना आपल्याच विदर्भातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून हे काम उभं केलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. २०११ मध्ये हे काम देशभर आशांकडे आलं. आशाताई दारात आली तर ‘सगळं बरं आहे’ म्हणून परत पाठवू नका. तिला बाळाचं वजन करू द्या.

दोन तपासण्या हमखास विसरल्या जातात. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. वेळ गेली तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. दुसरी तपासणी कानांची.

बेड आहे, पण सुरक्षित आहे का?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या याच प्रकारच्या कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० दगावली, ७ वाचली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुष्कळ रुग्ण शेवटच्या टप्प्यात लांबून आणले गेले होते, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं.

या दोन घटना सरकारी दवाखान्याला घाबरण्यासाठी आम्ही सांगत नाही. याच कक्षांनी गरिबांची असंख्य बाळं वाचवली आहेत. पण प्रश्न विचारणं आपलं काम आहे. फायर ऑडिट कधी झालं? रात्री सिस्टर किती असतात? ग्रामीण रुग्णालयातला स्थिरीकरण कक्ष चालू आहे की कुलूपबंद? ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत हे विचारता येतं, आणि उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. सुलतानपूरसारख्या गावाला जिल्ह्याची सोय लांब असेल, तर लोणार-मेहकरची मधली पायरी मजबूत असणं हा आपला हक्काचा मुद्दा आहे. तो एका समाजाचा नाही, परिसरातल्या प्रत्येक घराचा आहे.

घरात गर्भवती असेल तर आजच एका कागदावर लिहून भिंतीवर लावा:

१. बाळंतपण कुठे करायचं, आणि अडचण आली तर पुढे कुठे
२. १०८, १०२, आशाताई आणि गाडीवाल्याचा नंबर
३. एका पिशवीत: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, दोघांचं आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक
४. दुसऱ्या पिशवीत: बाळाची टोपी, मोजे, सुती कापडं, शाल
५. आईसोबत कोण राहणार, घरची बाकीची लेकरं कोण सांभाळणार
६. गावात रक्त देणाऱ्या दोन जणांची नावं

कागद लिहायला दहा मिनिटं लागतात. मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर, बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीत ही यादी वाचून दाखवली तर ती आणखी दहा घरांत पोहोचेल. अल्लाह करो, या कागदाची गरज कुणालाच पडू नये. पण पडलीच, तर तो भिंतीवर लावलेला असावा.